जीभसाहेबांचा पहिला घोट

दहाच्या ठोक्याला बायकोने चहाचा कप जीभसाहेबांपुढे ठेवला आणि स्वतःचा कप घेऊन समोरची खुर्ची ओढून बसली. जीभसाहेब कालच निवृत्त झाले होते. चहाच्या कंपनीत छत्तीस वर्षं त्यांनी चहा चाखला. ओळीने मांडलेले कप, प्रत्येकातला चमचाभर चहा सुर्र करून तोंडात ओढायचा, गालांत खळखळवायचा, शेजारच्या पिकदाणीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. दिवसाला दोनशे कप. सगळे पोटात घातले असते तर छत्तीस वर्षं राहू द्या, छत्तीस दिवसही निघाले नसते. 'जीभसाहेब' हे नाव त्यांना कंपनीनेच दिलेलं, पुढे ते घरातही शिरलं.

घरी तरी काय वेगळं? बायकोच्या चहाचा एक घोट घ्यायचा, बेसिनशी जाऊन थुंकायचा आणि सांगायचं, "पाणी फार उकळलंय." नाहीतर, "पत्तीचा डबा उघडा राहिला होता." आणि ते खरं निघायचं, हे तर जखमेवर मीठ. बाकीचा चहा कपातच निवायचा. बायको एकटी प्यायची आणि दोन कप विसळायची. आज मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं. आज प्यायला तर प्यायला, नाहीतर या माणसापुढे पुन्हा कप ठेवायचा नाही.

टेबलाच्या टोकाला लेक बसली होती. तिने पिशवीतून एक हिरवा खोका काढला.

"बाबा, आता तुम्ही घरी बसणार. उद्यापासून हाच चहा घ्यायचा. वजन, साखर, सांधे, सगळ्याला चांगला. बघा, मागे नऊ फायदे छापलेत."

जीभसाहेबांनी खोका उघडून नाकाशी नेला. "गेल्या वर्षीची पत्ती," ते म्हणाले.

"बापाने जन्मभर चहाची तब्येत बघितली," बायको म्हणाली, "आता लेक चहाकडून बापाची तब्येत बघून घेणार. अगं, मग प्यायचा कोणी?"

जीभसाहेबांनी कप उचलला. सुर्र! घोट या गालातून त्या गालात गेला, परत आला. मग सवयीने खुर्ची मागे सरकवून ते बेसिनकडे निघाले.

बायको त्यांच्या आधी पोचली. बेसिनला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिळा."

तोंडात चहा, गाल फुगलेले, बोलायची सोय नाही. त्यांनी हाताने 'बाजूला हो' अशी खूण केली. ती तसूभर हलली नाही. छत्तीस वर्षांत ती अशी कधी आडवी आली नव्हती. लेक तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

"अहो, नोकरी काल संपली. गिळा म्हणते ना!"

जीभसाहेबांनी गिळला.

घोट घशातून खाली उतरला आणि छातीत ऊब पसरली. चहा जिभेच्या पलीकडेही जातो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. थंडीत उन्हाला उभं राहावं तसे ते क्षणभर उभे राहिले. मग निमूटपणे टेबलाशी येऊन बसले. दुसरा घोट घेतला, या वेळी आवाज न करता. मग तिसरा. त्यांना फार बरं वाटत होतं. तळाशी उरलेली साखरसुद्धा त्यांनी सोडली नाही.

"कसा झालाय, बाबा?" लेकीने विचारलं. "कडक? पाणचट? पाणी जास्त उकळलंय का?"

बायको बेसिनपाशीच खिळली. निकाल ऐकायची तिला इतक्या वर्षांची धास्ती होती.

जीभसाहेबांनी रिकामा कप पुढे सरकवला.

"मला काय विचारतेस? मी पीत होतो. अजून आहे का?"

बायकोचे डोळे भरून आले, आणि तरी ती जग जिंकल्यासारखी हसली. हात उंच करून तिने वरच्या फळीवरचं, पाहुण्यांच्या गर्दीसाठी ठेवलेलं मोठं पातेलं खाली ओढलं, नळाखाली धरलं आणि काठोकाठ भरेपर्यंत नळ बंद केला नाही.