उघडं दार

आगाशीची वाडी सोडून फुलपाड्याला सातव्या मजल्यावर राहायला आल्यापासून प्रेमलताबाईंचा जीव घाबरा होई. मुलगा-सून कामावर गेले की त्या फ्लॅटचं दार सताड उघडत आणि वाऱ्याने ते लागू नये म्हणून खाली वरवंटा ठेवत. दिवसा दार लावलेलं घर म्हणजे मयताला गेलेलं घर, हे वाडीवरचं गणित त्यांच्या डोक्यातून जाईना.

शेजाऱ्यांनी तक्रार केली. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः आले, पायाने वरवंटा सरकवला आणि दार ओढून घेतलं. बाईंनी ते लगेच उघडलं, वरवंट्याला नमस्कार केला आणि तो होता तिथेच ठेवला.

"आजी, हे काय तुमचं गाव आहे?"

"तुम्हाला बंद दारात झोप लागते, बाबा. मला धाप लागते."

"अहो, पण एखादा अनोळखी माणूस सरळ आत शिरला तर?"

बाईंनी उंबऱ्यातच फतकल मारली.

"शिरू दे की! ओळखीचा तर चार महिन्यांत एकही शिरला नाही."