धायरीचा वारा

"वारा आहे ना, सीतारामभाऊ?" वासंतीबाईंनी ओट्यावरूनच विचारलं.

पागेच्या दारात उभ्या सीतारामने मूठभर भुसा उचलून हवेत सोडला. भुसा सरळ त्याच्या चपलांवर येऊन पडला. त्याने भुशाकडे पाहिलं, मग वासंतीबाईंकडे.

"हाय की, वैनी."

"मग आज नको. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

वासंतीबाईंनी गाडीवाल्या चेतनला फोन लावला. घोडे न्यायची त्याची उंच बंद गाडी आजही येणार नव्हती. आठवा दिवस!

पहिल्या दिवशी वारा होता, अगदी खराखुरा. आषाढातला वारा, समोरच्या टॉवरची हिरवी जाळी त्याने टराटरा फाडली होती. चेतन स्वतःच म्हणाला होता, "मॅडम, बायपासवर गाडी हलते. आतल्या घोड्याचा पाय घसरला तर संपलंच. वारा पडला की कळवा, लगेच येतो." तिसऱ्या दिवशी वारा पडला. पण कळवायचं कोणी? वाऱ्यातलं आणि घोड्यांतलं कळणारा घरात एकच, सीताराम. तीस वर्षं त्याने या पागेत काढली होती. तो रोज म्हणायचा, हाय.

घोडे दोनच उरले होते. पांढरी चांदणी आणि म्हातारा गुलाल. वासंतीबाईंचे यजमान श्यामराव होते तेव्हा इथे पोरांना घोड्यावर बसायला शिकवायचे. ते गेले, पोरं गेली, आता जागाही जाणार होती. वासंतीबाई कोथरूडला लेकाकडे, अभयकडे राहायला जाणार होत्या. वाघोलीच्या पुढे अवनी नावाची मुलगी म्हातारे घोडे सांभाळते. तिने दोघांसाठी जागा धरून ठेवली होती, पण शनिवारपर्यंतच. त्यानंतर तिथे दुसरे घोडे येणार. मग या दोघांना विचारणारा एकच उरत होता, बाजारातला दलाल. त्याचं नाव निघालं की वासंतीबाई विषयच बदलायच्या.

दुपारी अभयचा फोन आला.

"आई, घोडं अडलंय कुठे?"

"वारा आहे रे."

"कोथरूडला पान हलत नाहीये. आठ दिवस वादळ फक्त धायरीत? वेधशाळेला कळवतो मी."

"कुजकट बोलू नकोस. वारा नाही, हे मला दिसत नाही का? पण सीतारामभाऊंचा जीव अडकलाय घोड्यांत. खोटं बोलतात बिचारे. तोंडावर कसं सांगू?"

"उद्या शनिवार आहे, आई."

"माहितीये."

त्यांना खरंच सगळं माहीत होतं. त्या दिवसांत जागेपणीही त्यांची झोप पुरती उतरत नसे. धुक्यात टॉवर अर्धेच दिसायचे. चांदणी तळहातावर ऊन श्वास सोडायची आणि मागे कुठेतरी टापा वाजल्यासारखं व्हायचं, श्यामराव रिंगण घालताहेत असं वाटायचं. वासंतीबाई वळून बघायच्या. गुलाल नुसता उभा असायचा.

संध्याकाळी त्या गूळ घेऊन पागेत गेल्या. सीताराम फोनवर होता. "येतो, पोरी, येतो. वारा पडू दे." पलीकडे त्याची सासवडची लेक निशा, नुकतीच बाळंत झालेली. वासंतीबाईंना बघून त्याने घाईने फोन ठेवला. दाराशी त्याची पत्र्याची ट्रंक कुलूप घालून ठेवली होती. लगाम, खरारे भरले असतील आठवण म्हणून, असं त्यांच्या मनात आलं. किती हा लोभ माणसाचा! त्यांना भरून आलं.

पहाटे त्यांना स्वप्न पडलं. श्यामराव दोन्ही घोडे घेऊन फाटकाशी उभे होते. वारा नव्हता, तरी चांदणीची आयाळ हलत होती. फाटक काही उघडेना. कडीवर कोणाचा तरी हात घट्ट होता. श्यामराव शांतपणे म्हणाले, "सोड आता." हात कोणाचा, ते धुक्यात दिसेना.

जाग आली तेव्हा वासंतीबाईंचं ठरलं होतं. म्हाताऱ्याला आपणच मोकळं करायला हवं. त्या अनवाणीच अंगणात आल्या.

"सीतारामभाऊ, वारा आहे का?"

या वेळी सीतारामने भुसा उचललाच नाही.

"न्हाई, वैनी."

त्यांना हायसं वाटलं. आला बाई एकदाचा ताळ्यावर!

नऊ वाजता चेतन आला. गुलाल मुकाट चढला. चांदणी फळीवर क्षणभर थांबली. सीतारामने तिच्या कानात काहीतरी म्हटलं, तशी तीही आत गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. वासंतीबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले. आता सीतारामला सावरायला हवं.

मागे वळल्या तर तो ट्रंक खांद्यावर घेऊन तयार होता. अंगात धुतलेला सदरा.

"निघालात? इतक्यात? ट्रंक भरलीत कधी?"

"पयल्याच दिशी भरली, वैनी. निशाच्या पोरीचं बारसं व्हतं."

"कधी?"

"झालं बुधवारी."

"बुधवारी?" वासंतीबाई चिडल्याच. "अहो, बुधवारी तर झुळूकसुद्धा नव्हती! तुम्हीच म्हणालात ना, वारा हाय म्हणून?"

सीतारामने ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तुम्ही रोज इचारायच्या, 'वारा आहे ना?'" तो म्हणाला. "'आहे का' असं आज पयल्यांदा इचारलंत."