ठीक, घेतलं

"एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं समजू नकोस," मास्तरांनी तिला मागे एकदा मेलवर बजावलं होतं. तेव्हा तिच्या कडेवर बाळ होतं आणि गॅसवर दूध. तिने 'हो हो' लिहून टाकलं आणि म्हाताऱ्याची टकळी म्हणून सोडून दिलं.

आज पडद्यावर त्याच मास्तरांचे दोन शब्द होते. 'ठीक. घेतलं.'

कोडमधला तिचा बदल पहिल्याच फटक्यात पास झाला होता. हे कोड मिळून लिहिणाऱ्या गटात एरवी कुणाचाच होत नसे. अभिनंदनाच्या मेल येत होत्या. ती मात्र खुर्चीत अवघडून बसली होती.

बदल तसा लहान होता. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरीच्या कुठल्या पानावर लिहायचं आणि कुठलं नुसतं वाचायचं, याची परवानगी तो देतो. पण परवानगी काढून घेतलेल्या पानावरही अधूनमधून काहीतरी लिहिलं जात होतं आणि चालती मशीनं कोसळत होती. तो बिघाड तिने शोधला होता. बाळाच्या झोपांमधून, तुकड्यातुकड्यांनी.

मेमरीच्या कोडचे राखणदार मास्तर. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथे कुणी बोट लावायचं नाही. सगळं मेलवरच चालायचं, कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. तिला ते घाईबाई म्हणत. 'घाईबाई, कोडला कुलूप लावलंस, आता उघडणार कोण? शेजारी?' असं लिहीत. नवरा महिनोन्‌महिने बाहेरगावी. दिवसभरात तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारं तेवढंच कुणी होतं. टोमणा आला की तिला बरं वाटायचं. 'घरात मी आणि पंखा,' त्यांनी एकदा लिहिलं होतं. 'दोघंही कुरकुरतो. पंखा वयाने लहान आहे, म्हणून ऐकून घेतो.'

नवऱ्याचा फोन आला. "अगं, मग झालंच की! कंपनीने हेच मागितलं होतं ना? एक बदल घेतला गेला की घरून नोकरी पक्की."

"हो."

"मग आवाज असा का?"

"मास्तर काही बोललेच नाहीत रे."

"बरंच झालं की. एरवी डोकं खातात म्हणतेस."

फोन ठेवून ती आत गेली. बाळ दुपारचं झोपलं होतं. तिने त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. ते रडत असलं की ती बिनधास्त असायची. गप्प असलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. परत येऊन तिने स्वतःचाच बदल पहिल्यापासून वाचायला घेतला, आणि मधेच थांबली.

प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे एकाच वेळी आपापलं काम करणारे भाग, अनेक असतात. प्रत्येक कोअर जुनी परवानगी स्वतःजवळ लक्षात ठेवतो. ती काढून घेतली की प्रत्येकाला सांगावं लागतं, बाबा, विसर आता. तिने चालू असलेल्या एकाच कोअरला सांगितलं होतं. बाकीचे जुन्याच परवानगीवर लिहीत राहणार होते. बिघाड गेला नव्हता. तो फक्त विरळ झाला होता, म्हणून तिच्या चाचणीत दिसला नाही.

मास्तरांना ही चूक एरवी झोपेतसुद्धा दिसली असती.

तिने या आठवड्यातली त्यांची बाकीची उत्तरं उघडली. एकाने तर चक्क अर्धवट फाइल पाठवली होती, कंस उघडाच. खाली तेच. 'ठीक. घेतलं.' त्याखाली गटाची चेष्टामस्करी. 'मास्तर मवाळले!' 'कुणी त्यांना जागं करू नका रे.'

तिने गटातल्या एका जुन्या माणसाला विचारलं, "मास्तर राहतात कुठे?"

"काय की. तसा विषयच निघाला नाही कधी."

"फोन नंबर?"

"नाही बुवा. मेल करायची, उत्तर येतं."

मग तिने थेट मास्तरांनाच लिहिलं. 'मास्तर, बरे आहात ना?' उत्तर लगेच आलं.

'ठीक.'

ना टोमणा, ना 'घाईबाई'. मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"गुपचूप दुसरा बदल पाठव की," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर स्वतःचं हसं कशाला करून घेतेस? नोकरीचा प्रश्न आहे."

"पाठवला तर तोही घेतील ते. काहीही पाठवलं तरी घेतील. तेच तर सांगतेय तुला."

तिने मेल लिहायला घेतली. एकट्या मास्तरांना नव्हे, सगळ्या गटाला. त्या गटाच्या मेल हजारो लोक वाचत, तिला नोकरी देणारी कंपनीही.

'माझा बदल चुकीचा आहे,' तिने लिहिलं. 'मी एकाच कोअरला कळवलं, बाकीच्यांना नाही. ही चूक करू नकोस म्हणून मास्तरांनीच मला बजावलं होतं, आणि आज ती त्यांनीच पास केली. या आठवड्यात त्यांनी घेतलेलं सगळंच पुन्हा तपासावं लागेल. ते आपण करू. पण त्याच्या आधी एक करा. ते घरी एकटेच असतात. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना कुणाला त्यांचं घर माहीत असेल, त्यांनी आत्ता उठावं, जावं आणि दार वाजवावं. अंगावर खेकसले, तर मला लगेच कळवा.'