मावळतीचं ऊन

"हा बघा, चाल करून येणारा बापाचा राग," संग्रहालयातल्या अभ्यासक बाई चित्राकडे बोट दाखवत म्हणाल्या. "चित्रामागे लिहिलेली तारीख पाहिलीत ना? तुम्ही घर सोडलंत तोच दिवस."

चित्रकाराच्या पन्नाशीच्या लेकीने नुसती मान हलवली. तारीख तिला पाठ होती.

बाबांनी आयुष्यभर आभाळ रंगवलं. वहीच्या पानाएवढे पुठ्ठे आणि त्यावर ढगच ढग. खाली ना झाड, ना घर. त्यांचं आता प्रदर्शन भरणार होतं, पुस्तक निघणार होतं. पुस्तकात या काळ्याकुट्ट ढगाचं नाव होतं 'येणारं वादळ'. लेकीची संमतीची सही तेवढी बाकी होती.

नवरा तिच्या मागेच उभा होता. हवामान खात्यात निरीक्षक. ढग बघायचे आणि नोंदवायचे, हीच त्याची नोकरी. बाबा त्याला 'ढगोबा' म्हणायचे. "दिवसभर आभाळाकडे बघत बसणारा माणूस तुला काय डोंबल पोसणार?" असं त्यांनी विचारलं होतं, हातातला ब्रश खाली न ठेवता. ती दार आपटून निघाली ती ढगोबाबरोबरच. बोलणं तुटलं ते तुटलंच. दोन वर्षांनी बाबा गेले. पुढची सत्तावीस वर्षं हे चित्र भावाच्या माळ्यावर पडून होतं. तिने ते कुणाला खाली काढू दिलं नाही. ढगोबाही आज पहिल्यांदाच बघत होता.

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकेल इतका वाकला.

"बाई, हे येतंय कुठे? हे गेलंय!"

"म्हणजे?"

"ढगाच्या अंगावर मावळतीचं ऊन आहे. म्हणजे सूर्य चित्रकाराच्या पाठीशी, तोंड पूर्वेकडे. तारीख पावसाळ्यातली; तेव्हा आपल्याकडे ढग येतात पश्चिमेकडून. हे घरावरून कधीच पुढे सरकलंय."

"चित्रात भावना बघायची असते हो," बाई हसल्या.

"भावना तुम्ही बघा, मी वारा बघतो."

लेक मात्र हसली नाही. "बाबा रंगवायला पश्चिमेच्या गच्चीत बसायचे," ती म्हणाली. "पूर्वेला एकच खिडकी, स्वयंपाकघरातली. तिकडे ते पाणी प्यायलासुद्धा फिरकायचे नाहीत."

"मग त्या दिवशी कसे गेले?" बाईंनी विचारलं.

ढगोबाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "अगं, बसस्टँड तुमच्या घराच्या पूर्वेलाच ना? त्या संध्याकाळी आपण तिथे चिंब भिजलो होतो."

ती चित्राजवळ गेली.

"बाई," ती म्हणाली, "या ढगाखाली आम्ही दोघं उभे आहोत."