पप्पांच्या हातची भाजी

रुपालीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्या संध्याकाळी हरिओमनं स्वतःच वांग्याची भाजी केली, भाकरी थापल्या आणि बायकोला घास भरवायला बसला. वाटीभर दही घेऊन आलेल्या शेजारच्या सुभद्राबाई दारातच थबकल्या.

"न्हाणीत पडली त पडली, पण असा नवरा भेटाले नशीब लागते, बाई!"

रुपालीनं मान हलवली आणि तोंडातला घास गिळला.

सुभद्राबाई गेल्यावर लेक शरयू बोटं चाटत म्हणाली, "पप्पा, लय मस्त झाली भाजी! आता पुन्हा कधी करसान?"

"तुही माय पुन्हा उलटून बोलली की करतो," हरिओम हसत म्हणाला.



रुपालीनं डावा हात हळूच पदराखाली घेतला.