जाड तारांचं गिटार

परीक्षण छापून आलं त्या दिवशी भिकनने चहा व्हायच्या आधीच ते वाचून काढलं, आणि चहा झाल्यावर पुन्हा वाचलं. त्यात त्याचं नाव नव्हतं.

‘भट्टी’ बँडच्या लाइव्ह अल्बमवर चांगलं अर्धं पान होतं. साठी ओलांडलेला महेश अजून कसा बेंबीच्या देठापासून गातो, राजच्या गिटारला अजून कशी धार आहे, ड्रमवाल्याने कसा घाम गाळला, सगळं होतं. गंगापूर रोडच्या लॉनवर जमलेल्या पब्लिकलासुद्धा चार ओळी मिळाल्या होत्या. भिकनच्या बेस गिटारला एकही नाही. पायाचा दगड म्हणून कौतुक करतात सगळे, पण फोटो काढतात तो कळसाचाच.

यूट्यूबवर जुने चाहते हमरीतुमरीवर आले होते. ‘महेशचा आवाज गेला.’ ‘त्याचा आवाज गेला असेल, तुला अक्कल आली होती कधी?’ ‘टाळ्या मागाहून घातल्यात, शेंबडं पोरही सांगेल.’ भिकन चष्मा पुसून पुसून खालपर्यंत वाचत जायचा. बेसबद्दल कुणाचं भांडणसुद्धा नव्हतं.

उज्वला होती तोवर कार्यक्रमावरून घरी आलं की ती ताट वाढता वाढता म्हणायची, “आज तुमचं छान लागलं हं.” तिला जाऊन तीन वर्षं झाली. पोरगा पुण्याला, फोन रविवारी. घरात कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नाही. भिकनला मानमरातब नको होता. कुणीतरी एकाने म्हणावं, मी तुम्हाला ऐकलं, एवढंच हवं होतं.

आणि एका सकाळी त्याच कमेंटांमध्ये ते आलं.

‘जाड तारांचं गिटार वाजवणारे काका, तिसऱ्या गाण्यात तुम्ही मध्येच थांबता. तेव्हा माझा जीव जातो. परत सुरू करता तेव्हा येतो. छाया, कळवण.’

भिकन खुर्चीतून उठून उगाचच गॅलरीत जाऊन आला. परत येऊन वाचलं. आनंदाने त्याला जेवण गेलं नाही. दुपारी मात्र डोकं ठिकाणावर आलं. खातं नवंकोरं, फोटो नाही, आणि कौतुक सगळं एकट्या बेसचं. हा कुणाचा उद्योग, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

कॉलेजात असताना ‘भट्टी’ला कुत्रं विचारत नव्हतं. तेव्हा महेश पोरींच्या नावाने पेपरला पत्रं धाडायचा. सिन्नरची कुणी मंदाकिनी तर इतकी गाजली, की एकाने तिच्यासाठी स्थळ विचारलं होतं. बँडमध्ये कुणाचं तोंड पडलं की मंदाकिनी हमखास त्याची तारीफ करायची.

भिकनने फोन लावला.

“छाया कोण?”

“कोण छाया?” महेश म्हणाला.

“कळवणची. मंदाकिनीची धाकटी बहीण दिसते.”

महेश खो खो हसला. “भिक्या, ते धंदे सोडले रे मी. नातवंडं झाली आता.”

“शपथ घे.”

“घेतली. पण बरं वाटलं ना तुला?”

हा शेवटचा प्रश्न भिकनला डाचला. त्याने फोन ठेवला आणि छायाच्या कमेंटखाली लिहिलं, ‘तुमच्याशी बोलायचंय, नंबर द्या.’

‘फोन नको काका. इथेच लिहा.’

‘महेशचं गाणं कसं वाटलं?’

‘ते मला नाही सांगता येणार.’

भिकन कडवट हसला. बेटा स्वतःची स्तुती स्वतःच्या हाताने कशी लिहील! इतकी लाज तरी शिल्लक होती. भीक घालावी तशी तारीफ घातली होती मित्राने, आणि आपण ती चाटून पुसून खाल्ली. त्याला रडूच आलं. तरीही त्याने लिहिलं, ‘घरी आलो तर चालेल का?’

पत्ता लगेच आला. कळवण, बसस्टँडच्या मागे, गेणू डीजेवाल्याचं घर.

हे खोटं त्याला महेशच्या तोंडावर फेकायचं होतं. असं घर नाही, अशी बाई नाही, एवढं पाहून परत यायचं. सकाळच्या एसटीने तो निघाला. दिंडोरी गेलं, वणी गेली, आणि जसजसं कळवण जवळ आलं तसतसं त्याला वाटायला लागलं, मधूनच उतरावं. घर नसलंच, तर पुन्हा त्या रिकाम्या फ्लॅटवर कोणत्या तोंडाने जायचं?

घर होतं. दारात हळद वाळत घातलेली. तिशीतली एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

“छाया इथंच राहते का?”

“ननंद माझी. मी मैना.” तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हीच का ते नाशिकचे काका? या, या. तिनं लिहून दाखवलं व्हतं मला. कालपासून नाचतीया नुसती. मागं शेडात हाय बघा.”

शेडचे पत्रे थरथरत होते. आत लग्नाच्या वरातीतला, माणसाएवढा डीजेचा बॉक्स होता आणि त्यातून भिकनचा स्वतःचा बेस घुमत होता. पोरगी खरी होती. महेश खरं बोलला होता. भिकनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

छाया त्याच्याकडे पाठ करून खाली बसली होती, दोन्ही तळवे आणि गाल बॉक्सला टेकवून.

“छायाताई!” त्याने हाक मारली. मग आणखी मोठ्याने. ती हललीसुद्धा नाही.

“आवाज जरा बारीक करता का?” तो मैनाला म्हणाला. “माझी हाक पोचत नाही.”

“हाका मारून काय उपयोग, काका?” मैना म्हणाली. “जन्मापासून ऐकू येत नाय तिला. ते बटण दाबा, लाईट बंद-चालू करा, लगेच वळून बघंल.”