नवशिक्याचं काडतूस

हॅल्वरने रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत घट्ट धरलं, पाय रोवले आणि कोपरं जराशी सैल सोडली. मागे उभ्या असलेल्या वाटाड्यांनी कान झाकून घेतले.

अलास्कातल्या त्या नदीकाठच्या शिकारतळावर दर वसंतात हे चालायचं. वाळूच्या खाणीत फळी उभी करायची आणि प्रत्येक वाटाड्याने त्या अवजड रिव्हॉल्व्हरने पाच बार काढायचे. अंगावर आलेलं अस्वल थांबवायचं हत्यार ते. ज्याला झेपतं तो पाहुण्यांना घेऊन डोंगरात जातो, ज्याला झेपत नाही तो भटारखान्यात बटाटे सोलतो. हॅल्वर सत्तरी ओलांडलेला. हिवाळ्यात बर्फावर घसरून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरने ते जोडून दिलं, पण आता जड काही उचलू नका असंही बजावलं. बटाट्यांच्या धास्तीने म्हातारा रात्रभर कूस बदलत होता.

खरं तर इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे हत्यार धरायला त्यानेच शिकवलेलं. हात ताठ करू नका, धक्क्याशी भांडू नका, त्याला वर जाऊ द्या. भांडलात तर मनगट तरी जाईल नाहीतर कपाळ तरी फुटेल. आणि नवशिक्याला एकच काडतूस द्यायचं. पहिल्या धक्क्याने बावरलेलं बोट पुन्हा चाप ओढतं, आणि तेव्हा नळीचं तोंड कुणाकडे असेल याचा नेम नसतो. या एका बाबतीत त्याने पोटच्या लेकीलाही, रेनालाही, सूट दिली नव्हती.

पहिला बार झाला. कळ येणार म्हणून हॅल्वरने दात आवळून ठेवले होते. कळ आलीच नाही. नळी थोडी वर उचलली गेली आणि गुमान जागेवर आली. फळीला मधोमध भोक पडलं होतं.

हाड सांधलं आपलं, असं त्याला वाटलं. डॉक्टरला काय अक्कल! इतकं सुख त्याला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. दुसरा बार त्याने जवळजवळ हसतच काढला.

तिसऱ्या बारानंतर त्याची नजर सहज ट्रककडे गेली. तळाचा मालक डेल्बर्ट आपला पत्र्याचा मग कॉफीने भरून नेहमी बॉनेटवर ठेवायचा. दर बाराच्या हादऱ्याने तो मग नाचत नाचत कडेला यायचा, डेल्बर्ट धावत जाऊन धरायचा आणि सगळे त्याची टर उडवायचे. आज मग जागचा हलला नव्हता. डेल्बर्टही हलला नव्हता.

चौथ्या बारानंतर हॅल्वरने पुन्हा मगाकडे पाहिलं. पाचव्यानंतरही पाहिलं.

टाळ्या पडल्या. पहिली टाळी डेल्बर्टची होती. काकांना अजून दहा वर्षं मरण नाही, असं तो म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ही सगळी डोंगरातली माणसं. खोऱ्यापलीकडचा बार ऐकून कोणाचं हत्यार आहे ते सांगणारी. त्यांना कळलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं. कळूनसवरून ते टाळ्या वाजवत होते. अशा टाळ्यांपेक्षा माणसाला दोन शिव्या परवडतात.

हॅल्वरने रिकामी काडतुसं हातावर ओतली. मनगट मोडल्यापासून त्याची काडतुसं घरी रेनाच दारू ठासून भरत होती.

"दारू किती घातलीस?" त्याने वाटाड्यांत उभ्या असलेल्या रेनाला विचारलं.

"नेहमीचीच."

"रेना."

ती बुटाने वाळू उकरत राहिली. "निम्मी," ती म्हणाली. "इथे नुसती फळीच तर होती, बाबा. वर डोंगरात मी असेनच की तुमच्याबरोबर."

"आणि अस्वलाला सांगून ठेवलंयस? की बाबांना यंदा जरा सांभाळून घे म्हणून?"

एरवी अशा बोलण्यावर खाण हसून दणाणली असती. आज डेल्बर्टने विषय बदलायचा प्रयत्न केला, जेवायची वेळ झाली असं काहीतरी तो बोलला.

हॅल्वरने लेकीच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तिच्या पट्ट्यात तिची स्वतःची काडतुसं होती, पुऱ्या दारूची. तिने मान हलवून नाही म्हटलं. त्याने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी तिने डोळे पुसत पाच काडतुसं काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने चार तिला परत दिली.

"एकच पुरे," तो म्हणाला. "नवशिक्याला एकच द्यायचं असतं."

त्याने पाय रोवले. कोपरं सैल सोडली. जे जे दुसऱ्यांना शिकवलं ते सगळं त्याने केलं, एकही चूक केली नाही.

बार झाला तेव्हा फळीला काही झालं नाही, खाणीच्या कडेवरून वाळू तेवढी घसरली. रिव्हॉल्व्हर उसळून मागे आलं आणि नळी त्याच्या भुवईवर बसली. डाव्या हाताने त्याने ते कसंबसं धरून ठेवलं. उजवा हात खाली लोंबत होता. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो ते पुसत नव्हता. ट्रकच्या बॉनेटवरून मग पडला आणि घरंगळत चाकाखाली गेला.

हॅल्वर सगळ्यांकडे वळला.

"वाजवा आता टाळ्या," तो म्हणाला.

डेल्बर्ट खाली वाकून आपला मग शोधायला लागला.